चोरीच्या प्रयत्नानंतर टीव्ही आणि होम थिएटर कसे तपासावे

धुळ्याहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कानबाईच्या रोटांसाठी (खान्देशात श्रावणात होणाऱ्या कानबाई देवीच्या उत्सवासाठी) घरातील सर्वजण शनिवारी गावी गेले आणि मंगळवारी परत आले, तेव्हा मागच्या दाराचा कडी-कोयंडा तुटलेला होता. भिंतीवरचा ४३ इंची टीव्ही ब्रॅकेटसह उपसलेला आणि पलंगावर पालथा पडलेला होता, होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर कपाटातून ओढून जमिनीवर आणलेला होता, स्पीकरच्या वायरी तोडलेल्या होत्या आणि गच्चीवरची डिश फिरलेली होती. चोरट्यांना बहुधा कोणाची तरी चाहूल लागली असावी, कारण नेले काहीच नाही. पोलिसांनी पंचनामा केला आहे. टीव्हीची काच वरून शाबूत दिसते. ताई विचारतात, की आता सगळे परत जोडून चालू करून पाहावे का आणि विमा कंपनीला काय सांगावे?

ताई, पहिले उत्तर स्पष्टपणे देतो. आज काहीही चालू करू नका. ‘चालू होतो का ते बघू’ असे म्हणून बटण दाबणे ही आपल्याला तपासणी वाटते, पण तपासणीच्या क्रमात तिची जागा अगदी शेवटची आहे. हे काम मी अठ्ठावीस वर्षे करतो आहे आणि अशा घटनेनंतर दुकानात आलेल्या ज्या संचांचे नुकसान मोठे निघाले, त्यांतल्या बऱ्याच संचांचे खरे नुकसान चोरामुळे झाले नव्हते. घरच्यांनी उत्सुकतेपोटी वीज दिली, त्या पाच सेकंदांत ते झाले होते. भुसावळच्या एका घरी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला तुटलेल्या स्पीकर-वायरीची दोन उघडी टोके एकमेकांना चिकटलेली होती. ती कोणी पाहिली नाहीत, आवाज येत नाही म्हणून घरातल्या मुलाने व्हॉल्यूम वाढवत नेला आणि दोन्ही बाजूंचे आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला शक्ती देणारे भाग) जळाले. चोराने केलेले नुकसान फक्त दोन मीटर वायरीचे होते.

येथे एक गोष्ट समजून घेतली, तर पुढचे सगळे सोपे होते. हातातून पडलेली वस्तू आणि चोराने ओढलेली वस्तू यांचे नुकसान वेगवेगळ्या ठिकाणी होते. पडलेल्या वस्तूचा कोपरा फुटतो, टवका उडतो, आणि ते नुकसान डोळ्यांना दिसते. चोर अंधारात, घाईत, वायरी न काढताच संच स्वतःकडे ओढतो. त्यामुळे सगळा ताण जिथे जिथे वायर किंवा स्क्रू संचाला धरून असतो, त्या जागांवर येतो. एचडीएमआयचे सॉकेट, पॉवर कॉर्डचे तोंड, स्पीकरचे टर्मिनल, अँटेनाचे सॉकेट, ब्रॅकेटचे नट आणि भिंतीतला थ्री-पिन सॉकेट या त्या जागा आहेत. तपासणीची सुरुवात म्हणूनच पडद्यापासून न करता संचाच्या पाठीपासून करावी.

त्याही आधी घराची वीज पाहावी लागते. टीव्हीचा प्लग खेचताना भिंतीतील सॉकेटही अर्धवट बाहेर येतो आणि त्यामागच्या वायरी स्क्रूमधून सैल होतात. वरून बोर्ड जागच्या जागी दिसतो, पण आत ठिणगी पडत राहते. शिवाय अंधार करण्यासाठी चोरटे कधी मेन स्विच पाडतात, तर कधी मीटरजवळचा फ्यूज उपसतात. आपल्याकडे थ्री-फेज जोडणी असेल आणि मेनजवळची न्यूट्रल वायर हलली असेल, तर घरातल्या एखाद्या फेजवर २३० व्होल्टऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. तसे झाले तर टीव्हीच नव्हे, फ्रिज आणि वायफायचा राउटरही जाईल. म्हणून परवानाधारक वायरमनला बोलावून, सर्व उपकरणांचे प्लग काढलेले असताना, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असा तीनही ठिकाणचा दाब मोजून घ्यावा. पहिले दोन आकडे २०७ ते २५३ च्या दरम्यान आणि तिसरा दोन-चार व्होल्टच्या आत असावा. वायर ओढली गेली आहे त्या सर्किटवर ५०० व्होल्टचा मेगरही (वायरीचे इन्सुलेशन, म्हणजे वीज अडवणारे आवरण, तपासणारा मीटर) लावायला सांगा. इन्सुलेशन १ मेगाओहमच्या खाली दाखवत असेल, तर ती वायर बदलल्याशिवाय तिथे काहीही जोडू नये.

आता टीव्ही. तो पालथा पडलेला होता आणि पलंगावरच्या गादीमुळे काच वाचली, असे आपल्याला वाटते. तसे झालेही असेल, पण एलसीडी पॅनल म्हणजे साधारण अर्धा-अर्धा मिलिमीटर जाडीच्या दोन काचा असतात आणि पुष्कळ टीव्हींमध्ये त्यांच्यावर वेगळी संरक्षक काच नसते. गादीवर पडताना उशीची शिवण, रिमोट किंवा चादरीखाली राहिलेली एखादी वस्तू मध्यभागी रुतली, तर वरच्या थराला ओरखडाही न पडता आतली काच तडकते. संच बंद असताना ही तडक समोरून दिसत नाही. खोलीत अंधार करून मोबाइलची टॉर्च पडद्याच्या कडेला जवळजवळ टेकवावी आणि प्रकाश पडद्याला समांतर सोडून उलट बाजूने पाहावे. पॅनल चांगले असेल, तर उजेडाची एकसलग पट्टी दिसते. तडकले असेल, तर एका बिंदूपासून फुटलेल्या केसासारख्या बारीक रेघा क्षणभर चमकतात. टॉर्च चारही कडांनी अशी फिरवून पाहावी. बोटाने दाबून पाहू नये, कारण अर्धवट तडक दाबल्याने पूर्ण होते.

संच उचलताना दोघांनी, खालच्या आणि वरच्या कडांना धरून, उभाच उचलावा. पडद्यावर तळहात ठेवू नये. पॅनलच्या कडेला, चौकटीच्या आत, सिनेमाच्या रिळासारख्या पातळ पट्ट्या काचेला चिकटवलेल्या असतात. एक-एक पट्टी पडद्यावरच्या शेकडो उभ्या रेघांना सिग्नल पोचवते. चौकट पिळली गेली की या पट्ट्यांचा जोड सुटतो आणि चालू केल्यावर पडद्यावर उभी रंगीत रेघ किंवा काळा पट्टा येतो. चौकट पिळली आहे की नाही, हे पाहण्यासाठी संच सपाट भिंतीला उभा टेकवून चारही कोपऱ्यांतील फट डोळ्यांनी मापावी. एखादा कोपरा दोन-तीन मिलिमीटरही वेगळा दिसला, तर तो टीव्ही तंत्रज्ञाकडेच जाऊ द्या.

यानंतर पाठ. ब्रॅकेट ज्या चार जागी बसते, तिथे मागच्या झाकणात पितळी नट बसवलेले असतात. टीव्ही उपसताना स्क्रू टिकतो, पण नट प्लॅस्टिकमधून सुटतो. प्रत्येक स्क्रू हाताने हळू आवळून पाहा. आवळला न जाता नुसता फिरत राहिला, तर नट सुटला आहे असे समजा. असा टीव्ही पुन्हा भिंतीवर लावला, तर एखाद्या रात्री आपोआप खाली येईल. भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्याही नव्या, दोन इंच सरकवलेल्या जागीच ठोकाव्यात. सैल झालेल्या भोकात सिमेंट भरून तीच जागा वापरण्याचा सल्ला कोणी देईल, पण मी ते कधीच करत नाही. खान्देशातल्या जुन्या घरांच्या भिंती मातीच्या जुडाईच्या असतात, तिथे तर अजिबात नाही.

एचडीएमआय सॉकेटसाठी टॉर्च आणि भिंग घ्या. आत मधोमध एक काळी जीभ असते आणि तिच्या वर-खाली मिळून १९ सोनेरी पट्ट्या असतात. केबल लावलेली असताना टीव्ही ओढला गेला असेल, तर ही जीभ एका बाजूला कललेली, तुटलेली किंवा पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या दिसतील. या सॉकेटमध्ये ५ व्होल्टची एक पिन असते. ती शेजारच्या सिग्नलच्या पिनेला चिकटलेली असताना सेट टॉप बॉक्स जोडला, तर सॉकेटबरोबर मदरबोर्डवरील आयसीही जाऊ शकतो, आणि शंभर-दोनशे रुपयांचा भाग बदलण्याचे काम अख्ख्या बोर्डावर जाते. पॉवर कॉर्ड संचात शिरते, तिथे ती हाताने हळूच डावी-उजवीकडे हलवून पाहा. खिळखिळी लागली, तर आत सोल्डर उचकटले आहे. आम्ही त्याला ड्राय सोल्डर म्हणतो. ते वेळीच नीट केले नाही, तर तिथे गरम होऊन बोर्ड जळतो.

मागचे झाकण आपण स्वतः उघडू नये, अशी कळकळीची विनंती आहे. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये २३० व्होल्ट एसीपासून तयार झालेला सुमारे ३२५ व्होल्टचा डीसी दाब असतो आणि काही बिघाडांमध्ये प्लग काढल्यानंतरही तो बराच वेळ टिकतो. तंत्रज्ञ आधी तो रेझिस्टर लावून उतरवतो, मीटरने खात्री करतो आणि मगच हात घालतो. तरी आपल्या बाबतीत तंत्रज्ञाकडून झाकण उघडून घेण्याचे एक कारण आहे. मागचे दार तीन दिवस उघडे होते आणि श्रावणाचे दिवस होते. पावसाची सर वाऱ्याने आत आली असेल, तर आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ, जी प्रत्येक टीव्हीच्या आत बसलेलीच असते, ओल धरते आणि बोर्डावर वीज वाहू देते. उन्हाळ्यात निरुपद्रवी असलेली हीच धूळ दमट हवेत शॉर्टचे कारण होते. बोर्ड ब्रशने झाडून, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून, पंख्याच्या वाऱ्यावर किमान दोन दिवस वाळू द्यावा. केस वाळवण्याचे यंत्र वापरू नये. त्याच्या उष्णतेने प्लॅस्टिक आणि पॅनलची फिल्म दोन्ही वाकतात.

बोटांचे ठसे उचलण्यासाठी वापरलेली पूड टीव्हीच्या चौकटीवर असेल, तर तिच्याकडेही लक्ष द्या. तिच्यात कधी अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात, कधी काजळीसारखा कार्बन असतो, आणि दोन्हींतून वीज वाहते. पोलिसांनी पुसण्यास हरकत नाही असे सांगितल्यावरच ती मऊ, कोरड्या कापडाने बाहेरच्या दिशेने टिपून काढा. फुंकर मारू नका, कारण पूड जाळीतून थेट बोर्डावर जाते.

अ‍ॅम्प्लिफायरचा विचार वेगळा करावा लागतो. त्याचे वजन जवळजवळ सगळे ट्रान्सफॉर्मरमध्ये असते. कपाटातून ओढून तो जमिनीवर आदळला, तर पत्र्याची पेटी जिथल्या तिथे राहते आणि आतला जड ट्रान्सफॉर्मर आपल्या वजनाने खाली झेपावतो. परिणामी त्याचे बोल्ट वाकतात, शेजारच्या बोर्डाला केसाएवढी चीर जाते आणि हीटसिंकवरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावरच्या) ट्रान्झिस्टरचे पाय सोल्डरमधून सुटतात. पेटी दोन्ही हातांनी धरून हलकेच तिरपी करा. आत काही घरंगळल्याचा किंवा ‘टक’ असा आवाज आला, तर पुढे काहीही न करता ती तंत्रज्ञाकडे द्या. सुटलेला एकच स्क्रू बोर्डाखाली गेला, तर तोही शॉर्टला पुरेसा असतो.

तंत्रज्ञाने अ‍ॅम्प्लिफायर प्रथम सिरीज बोर्डवर लावला पाहिजे. जुने कारागीर हे न सांगता करतात, नव्यांना सांगावे लागते. फेजच्या वाटेत १०० वॉटचा जुना, तारेचा पिवळा दिवा लावायचा आणि त्यातून अ‍ॅम्प्लिफायरला वीज द्यायची. एलईडीचा दिवा इथे उपयोगाचा नाही. ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सगळे ठीक असेल, तर दिवा एकदा लखकन पेटतो आणि लगेच मंद होतो. तो भक्क जळत राहिला, तर आत शॉर्ट आहे; पण सगळी वीज दिव्याने खाल्ल्यामुळे आणखी काही जळत नाही. या वेळी स्पीकर जोडलेले नसावेत. दिवा मंद झाल्यावर स्पीकरच्या प्रत्येक टर्मिनलवर डीसी दाब मोजावा. तो साधारण ५० मिलिव्होल्टच्या आत असला, तरच स्पीकर जोडावा. तिथे काही व्होल्ट दिसले, तर जोडलेल्या स्पीकरची कॉइल काही क्षणांत भाजून निघेल. टीव्हीच्या बाबतीत मात्र सिरीज दिव्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. त्याचा एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक स्विचिंगवर चालणारा) पॉवर सप्लाय दिव्यावर धडपणे सुरू होतोच असे नाही, संच चालू-बंद होत राहतो आणि चांगल्या संचाला बिघडलेला ठरवले जाते.

स्पीकरची पहिली तपासणी आपण घरीच करू शकता. तुटलेल्या वायरी आधी पूर्णपणे काढून टाका, त्यांना जोड देऊ नका. मल्टीमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम आणि ४ ओहमचा साधारण ३ ते साडेतीन ओहम दाखवतो. काहीच आकडा आला नाही, तर कॉइल किंवा तिची तार तुटली आहे. मीटर नसेल, तर रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल घेऊन त्याची टोके टर्मिनलला क्षणभर टेकवा. ‘टक’ असा आवाज येऊन कोन (स्पीकरचा पुढचा कागदी पडदा) पुढे किंवा मागे सरकला पाहिजे. मोठ्या वूफरचा कोन मात्र हाताने पाहावा लागतो. दोन्ही हातांची बोटे कोनाच्या कडेला समोरासमोर ठेवून तो अगदी थोडा, सरळ आत दाबा आणि कान जवळ न्या. आवाज न करता परत आला, तर ठीक. कागद घासल्यासारखी खरखर लागली, तर आपटण्यामुळे मागचे चुंबक जागचे सरकले आहे आणि कॉइल त्याला घासते आहे. असा वूफर कमी आवाजात बरा वाजतो आणि आठवड्याभरात बंद पडतो, त्यामुळे विम्याच्या तपासणीत तो हमखास सुटतो. आपण त्याचा आवर्जून उल्लेख करा.

गच्चीवरची डिश फिरली आहे, तिथे घाई नको. डिशच्या केबलमधून एलएनबीला (तबकडीपुढच्या दांडीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्ट वीज जाते. केबल कुठे चिरडली असेल आणि आतली तार बाहेरच्या जाळीला टेकत असेल, तर सेट टॉप बॉक्सचा ही वीज देणारा भाग निकामी होऊ शकतो. म्हणून बॉक्स जोडण्याआधी केबल दोन्ही टोकांनी सोडवून मीटरवर शॉर्ट नाही ना ते पाहावे, आणि पाणी शिरलेला कनेक्टर कापून नवा लावावा. दिशा कंपनीप्रमाणे बदलते. डीडी फ्री डिश असेल, तर तिचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे आणि धुळ्याहून तो जवळजवळ बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर येतो. तबकडी ऑफसेट बनावटीची (सिग्नल समोरून न घेता तिरपा टिपणारी) असल्याने ती त्यापेक्षा बरीच उभी दिसते, ते पाहून गोंधळू नये.

या सगळ्यातून संच पार पडला, तर मगच वीज द्यायची. पहिल्या तासात कोणीतरी खोलीत बसलेले हवे. टीव्हीवर पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे एकरंगी पडदे एकापाठोपाठ लावून डाग, रेघा आणि कडेने गळणारा उजेड पाहावा. आवाज आहे पण चित्र नाही असे झाले, तर अंधारात पडद्यावर टॉर्च मारून पाहा. पुसट चित्र दिसले, तर पॅनल चांगले असून बिघाड बॅकलाइटचा आहे आणि त्याचा खर्च पॅनलच्या तुलनेत फार कमी असतो. पॅनलच गेले असेल, तर दुरुस्ती नव्या टीव्हीच्या किमतीजवळ जाते आणि मी तो खर्च करू नका असेच सांगतो.

आता विम्याचा भाग. वरील कोणतेही काम करण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत एकही भाग बदलू नका. आपली पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ या नावाची असेल, तर ती बारकाईने वाचा. ती मुख्यतः आग, पूर, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे आणि घरफोडीचे संरक्षण तिच्यात आपोआप येत नाही, ते वेगळे घ्यावे लागते. ज्या पॉलिसीत घरफोडी आहे, तिच्यात बळजबरीने प्रवेश झाल्याची खूण मागतात. म्हणून तुटलेल्या कडी-कोयंड्याचे फोटो काढा आणि तो कोयंडा नवा बसवल्यावरही जपून ठेवा. फोटो आधी सगळ्या खोलीचे, मग संचाचे आणि शेवटी प्रत्येक तुटलेल्या जागेचे जवळून, बाजूला पट्टी किंवा नाणे ठेवून काढावेत.

तंत्रज्ञाकडून फक्त ‘टीव्ही खराब’ असे लिहिलेली पावती घेऊ नका. मॉडेल क्रमांक, सीरियल क्रमांक, तपासणीची तारीख, कोणता भाग कोणत्या प्रकारे तुटला आहे आणि तो ओढल्यामुळे तुटला असे म्हणण्याचे कारण काय, हे त्याने सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावे. बदललेले जुने भाग परत मागून घ्या, कारण कंपनी ते मागू शकते.

पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी टीव्हीची काच शाबूत असल्याचे लिहून घेतले असेल आणि तपासणीत पॅनल तडकलेले निघाले, तर दोन कागदांत विसंगती येईल आणि दावा तिथेच अडकेल. यावर उपाय सोपा आहे. तंत्रज्ञाचा अहवाल घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि आतले नुकसान नंतर उघड झाल्याबद्दल पुरवणी जबाब नोंदवून घ्या. गुन्हा दाखल झाला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे प्रथम खबरी अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती अजून घेतली नसेल, तर त्याच फेरीत मागून घ्या.